बोटाची किंमत १४ टक्के

पुण्याहून पंढरपूरला जाताना नातेपुते, माळशिरस, वेळापूर ही गावं एकापाठोपाठ लागतात. माउलींच्या पालखीचे हे मुक्काम. रस्ता आता चौपदरी झाला, गाड्या सुसाट जातात. बाजारपेठेच्या आतल्या गल्ल्यांतल्या पाट्या मात्र फारशा बदललेल्या नाहीत. ‘फॉल-पिको करून मिळेल’, ‘शिवणक्लास, प्रवेश सुरू’. फरक इतकाच की जुन्या पाटीखाली हल्ली एक नवी ओळ दिसते: फॅशन डिझायनिंग, आरी वर्क, बुटिक कोर्स. अशी एकही पाटी नाही असं तालुक्याचं गाव महाराष्ट्रात सापडणं अवघड. माळशिरस-अकलूज पट्टाही त्याला अपवाद नाही.

या पाटीमागे बहुधा घराचीच पुढची खोली असते. पाच-सहा मशीनं, त्यातली काही पायाची, काही मोटर लावलेली. कोपऱ्यात पिकोचं मशीन, त्याशेजारी चिंध्यांनी भरलेलं पोतं, एका सॉकेटमधून निघालेल्या तीन वायरी आणि डोक्यावर पंखा. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशीच्या पुढे जातो, वर पत्रा असेल तर खोलीची भट्टी होते. शिकायला येणाऱ्यांत बारावीनंतर घरी थांबलेली मुलगी असते, नवी सून असते, मुलं शाळेत गेल्यावर दुपार मोकळी झालेली बाई असते. दोन-तीन महिने फी भरायची, पेटीकोटपासून सुरुवात करायची आणि कटोरी ब्लाउजपर्यंत पोचायचं, असा हा अभ्यासक्रम.

पुढे या मुलींना तीन वाटा असतात. पहिली बारामतीच्या हायटेक टेक्स्टाइल पार्ककडे जाते, जिथे ओळीने मांडलेल्या मशीनांवर बायका तयार कपडे शिवतात. दुसरी सोलापूरकडे. चादर आणि टॉवेल ही सोलापूरची जुनी ओळख. गेल्या काही वर्षांत शाळेच्या आणि कंपन्यांच्या गणवेशांचं शहर म्हणूनही त्याचं नाव झालं आहे आणि तिथल्या उत्पादकांनी गणवेशांची प्रदर्शनंही भरवली आहेत. तिसरी वाट सगळ्यांत जवळची आणि सगळ्यांत गर्दीची: आपल्याच घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं मशीन टाकायचं.

ही तिसरी वाट धरणाऱ्या बाईकडे कारखान्याचा निरीक्षक कधी येणार नाही. सुरक्षा अधिकारी, प्रथमोपचाराची पेटी, धोक्याची घंटा, यातलं तिच्या वाट्याला काही नाही. मशीनजवळ कसं बसायचं आणि बंद केव्हा करायचं हे तिला कुणी सांगितलंच, तर ते क्लासच्या बाईंनीच सांगितलेलं असेल. तिला आयुष्यात भेटणारी एकमेव फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणजे शिवणक्लासची बाई. हे त्या बाईंना कुणी सांगितलेलं नाही, हीच खरी अडचण आहे.

शासकीय अभ्यासक्रमांत सुरक्षेचा धडा नाही असं मात्र म्हणता येणार नाही. देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. आयटीआयमधले शिवणकामाचे आणि फॅशन डिझायनिंगचे एक-एक वर्षाचे अभ्यासक्रम त्याच योजनेतले. त्यांची सुरुवातच सुरक्षा, प्रथमोपचार आणि आग विझवण्याच्या साधनांनी होते. तयार कपडे उद्योगाच्या कौशल्य परिषदेने शिलाई मशीन ऑपरेटरसाठी जी मानकं ठरवली, त्यांतही कामाच्या जागी आरोग्य आणि सुरक्षा सांभाळण्याचा स्वतंत्र घटक आहे. कागद पक्का आहे. पण हा धडा पहिल्या आठवड्यात, मुलींनी मशीनला हात लावायच्या आधी उरकला जातो. ‘सुरक्षिततेचे नियम लिहा’ असा प्रश्न परीक्षेत येतो आणि उत्तर पाठ असतं: केस बांधावेत, सैल कपडे घालू नयेत, ओल्या हाताने बटण दाबू नये. पोहण्याचे नियम काठावर बसून पाठ केल्यासारखंच हे. खासगी क्लासात तर तेवढंही नाही. तिथे ‘जरा जपून गं’ एवढ्यावर भागतं, आणि हे तीन शब्द बहुतेक वेळा सुई लागून गेल्यावर उच्चारले जातात.

मग जपायचं कशापासून? घरगुती मशीनला मोटर लावली की ते मिनिटाला हजाराच्या आसपास टाके घालू शकतं. कारखान्यातलं जुकी (ब्रँड कुठलाही असो, आपल्याकडे त्याला जुकीच म्हणतात) मिनिटाला पाच हजारांपर्यंत जातं. पाच हजार म्हणजे सेकंदाला ८३. काहीतरी चुकलं हे डोळ्यांना दिसून पाय पायदानावरून उचलायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात सुई सोळा वेळा खाली जाऊन वर आलेली असते. म्हणून ‘लक्ष दे’ हा सल्ला जुकीपुढे लंगडा पडतो. लक्ष कितीही दिलं तरी ते सोळा टाके उशिरा पोचतं. बोट सुईखाली जाऊच नये म्हणून मध्ये काहीतरी आडवं असावं लागतं आणि ते असतंही. सुईपुढे तारेची एक छोटी कडी येते, तिला फिंगर गार्ड म्हणतात. पट्ट्यावर झाकण येतं. ओव्हरलॉकवर आणि बटण लावायच्या मशीनवर डोळ्यांसमोर पारदर्शक पट्टी येते, कारण तुटलेल्या सुईचा तुकडा कुठे उडेल याचा नेम नसतो.

पण हे गार्ड काढून ठेवलेलं किंवा वर फिरवून ठेवलेलं असतं. आळशीपणा म्हणून हा प्रश्न सोडून देणं सोपं आहे. दर नगावर असतो, हे खरं कारण. कडी असली की सुई ओवायला दोन क्षण जास्त लागतात आणि टाका नीट दिसत नाही. दिवसाचे शंभर नग मोजून पैसे मिळणार असतील, तर ते दोन क्षण तिच्या खिशातून जातात. कारखान्यात गेल्यावर या हिशेबापुढे कुणाचं काही चालत नाही. क्लासात मात्र नगावर पैसे नसतात, आणि बाईंच्या हातात असलेली संधी तीच आहे. मुलीचा हात पहिल्या दिवसापासून गार्ड लावलेल्या मशीनवर बसला, तर तिचा वेग गार्डसकट घडतो. पुढे तिला ते अडचणीचं वाटत नाही. गार्डशिवाय शिकलेल्या हाताला ते नंतर लावून पाहा, दुसऱ्या दिवशी काढलेलं दिसेल.

क्लच मोटर ही आणखी एक चीज. जुन्या जुकीला खाली जी जड, सतत घरघरणारी मोटर असते, ती बटण दाबल्यापासून फिरतच असते. पायदान दाबलं की क्लच लागतो आणि ती गती मशीनला मिळते. बटण बंद केलं तरी मोटर लगेच थांबत नाही, काही सेकंद स्वतःच्या जोरावर फिरत राहते. त्या काही सेकंदांत पाय चुकून पायदानावर पडला तर सुई चालते. म्हणजे मशीन ‘बंद’ आहे, लाल बटण दाबलेलं आहे, मुलगी निर्धास्तपणे सुई बदलायला बोटं आत घालते आणि सुई खाली येते. हे पुस्तकातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा एकदा दाखवून जास्त कळतं. बटण बंद करा, बोटं लांब ठेवा, पायदान दाबा. बंद मशीनने घातलेले टाके मुलींना कापडावर मोजू द्या. सुईला हात लावण्याआधी बटण बंद करून पायदान दाबून पाहायचं, ही सवय त्या एका प्रात्यक्षिकाने लागते. नव्या सर्व्हो मोटरी पायदान दाबल्यावरच फिरतात, वीजही कमी खातात. जुनं मशीन स्वस्तात मिळालं म्हणून घरी आणणाऱ्या बाईने एवढी एक गोष्ट तरी विचारून घ्यावी की खाली मोटर कुठली आहे.

ओव्हरलॉकचा धोका निराळा. त्यात सुईबरोबर पातीही असतात आणि दोरा ओवणं हे एक प्रकरणच असतं. नवशिकी मुलगी झाकण उघडून, मान आत घालून, चिमट्याने लूपरमध्ये दोरा घालत असते, आणि पाय कुठे आहे याचं तिला भान नसतं. ओढणी, मोकळी वेणी, साडीचा पदर, लांब मंगळसूत्र यांची ओढ चाकाकडे आणि पट्ट्याकडे. पदर खोचणं हा आपल्या बायकांचा कामाला लागण्याचा जुना रिवाज आहे. शेतात, चुलीपुढे तो आपोआप होतो. शिवणाच्या खुर्चीत बसल्यावर मात्र काम बसून असल्यामुळे तो विसरला जातो.

सुई लागलीच तर काय करायचं यावर घराघरांत हळद, शाई, चुना असे उपाय चालतात. खरं तर आधी वीज बंद करायची. सुई बोटात असेल तर हात हिसडून काढायचा नाही. स्क्रू सैल करून सुई मशीनपासून सोडवायची आणि बोटातली सुई तशीच ठेवून दवाखाना गाठायचा. तुकडा आत राहिला आहे की नाही हे एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंच. इस्त्रीने भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट नको, बर्फही नको.

तुटलेल्या सुईवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. निर्यातीच्या कारखान्यांत सगळ्यांत काटेकोरपणे पाळला जाणारा नियम सुईचाच असतो. सुई तुटली की काम थांबतं. सगळे तुकडे शोधायचे, ते जुळवून वहीत चिकटवायचे, तारीख, मशीन क्रमांक लिहायचा. सगळे तुकडे दिल्याशिवाय नवी सुई मिळत नाही. तुकडा सापडला नाही तर तेवढा सगळा माल धातुशोधकातून जातो. इतकी शिस्त कशासाठी? परदेशातल्या एखाद्या बाळाच्या झबल्यात सुईचा तुकडा जाऊ नये म्हणून. नियम उत्तमच आहे. पण ज्या बोटाजवळ ती सुई तुटली त्या बोटासाठी वही नसते. क्लासात ही वही जरूर सुरू करावी, आणि तिच्यात एक रकाना वाढवावा: सुई तुटली तेव्हा बोट कुठे होतं. टाचणीवरून मशीन नेलं, जाड शिवणीवर कापड ओढलं, जीन्सला अकरा नंबरची सुई लावली, ही कारणं महिन्याभरात आपोआप समोर येतील. मुली ती एकमेकींना समजावतील, बाईंना भाषण करावं लागणार नाही.

इथवर बोललो ते बोटांबद्दल. जीव जातात ते आगीत.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात कापडाशी नातं असलेल्या तीन जागी आगी लागल्या. ३१ डिसेंबर २०२३ रोजी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात सहा कामगार गेले. ३ एप्रिल २०२४ रोजी त्याच शहराच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या टेलरिंगच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण धुराने गुदमरून गेले. त्यांत लहान मुलंही होती. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात आठ जण गेले. त्यांत कारखान्याचे मालक होते, त्यांच्या घरातली माणसं होती, कामगारही होते. आगीने मालक आणि मजूर असा फरक केला नाही.

या तिन्ही बातम्या एकाशेजारी एक ठेवून वाचल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. तिन्ही आगी रात्री किंवा पहाटे लागल्या आणि तिन्ही ठिकाणी माणसं कामाच्या जागी किंवा तिच्या डोक्यावर झोपलेली होती. मशीन चालू नव्हतं, काम चालू नव्हतं. ‘कामाच्या वेळी घ्यायची काळजी’ या शीर्षकाखालचा एकही नियम तिथे कामाला आला नसता. कापड आणि झोप एका छताखाली आली, हा धोका होता. आणि माळशिरसच्या शिवणक्लासातून बाहेर पडणारी मुलगी नेमकं हेच करणार असते: घराच्या पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत झोपलेली लेकरं, मध्ये गिऱ्हाइकांच्या साड्यांचे गठ्ठे.

कापडाचा धूर साधा नसतो. पॉलिस्टर पेटतं तसं वितळतं आणि थेंबाथेंबाने खाली टपकून दुसरीकडे आग नेतं. ब्लाउजच्या कपात घालायचा फोम आणि अॅक्रिलिकची लोकर जळताना सायनाइडचा विषारी वायू सोडतात. माणूस ज्वाळा पोचण्याआधी धुराने बेशुद्ध होतो. झोपलेला तर जागाही होत नाही. त्यामुळे घरी मशीन टाकणाऱ्या बाईने पहिलं काय करावं, तर रात्री झोपताना मशीन आणि इस्त्रीचं बटण भिंतीवर बंद करून पिन काढावी, गठ्ठे बाहेरच्या दाराच्या वाटेत ठेवू नयेत, आणि झोपायच्या खोलीतून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का हे एकदा दिवसाउजेडी चालून पाहावं. पैसे लागत असतील तर ते मीटरजवळ बसवायच्या तीस मिलिअँपिअरच्या ट्रिपरसाठी (वायरमन त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात) आणि खऱ्या अर्थिंगसाठी. वर टांगलेल्या बाटलीतून पाणी घेणारी वाफेची इस्त्री हल्ली बुटिकवाल्यांच्या घरोघरी आहे. पाणी आणि वीज एका मुठीत धरणारं हे यंत्र दोन पिनच्या जुन्या सॉकेटवर चालवणं म्हणजे नशिबाची परीक्षा.

आगीचा विषय निघाला की न्यूयॉर्कच्या ट्रायंगल शर्टवेस्ट कारखान्याचं नाव येतंच. २५ मार्च १९११, शनिवार, काम सुटायची वेळ. आठव्या मजल्यावर कटिंगच्या टेबलाखाली साठलेल्या चिंध्यांत ठिणगी पडली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं, अग्निशामक दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. १४६ जण गेले, बहुतेक स्थलांतरित तरुण मुली. त्यानंतर तिथले कायदे बदलले. पण टेबलाखालचं चिंध्यांचं पोतं आणि बंद दार ही जोडी संपली नाही. ढाक्याजवळच्या ताझरीन फॅशन्समध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये शंभराहून जास्त कामगार गेले. पुढच्या वर्षी २४ एप्रिलला राणा प्लाझा कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं गाडली गेली. तिथे आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसं बाहेर काढली, शिलाई कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. फॅशनच्या विद्यार्थिनींना पॅरिसचे रॅम्प दाखवतात, मूड बोर्ड करायला लावतात. राणा प्लाझा दाखवत नाहीत. माझ्या मते पहिल्या महिन्यातच दाखवावी. तडे दिसले की बाहेर पडायचा हक्क आपल्याला आहे, एवढं तरी तिच्या डोक्यात जाईल.

आता कायदा. महाराष्ट्रात हा विषय पोरका कधीच नव्हता. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. रविवारची सुट्टी त्यात होती हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ती १८९० मध्ये मिळाली. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, जिची आठवण फारशी निघत नाही: काम करताना कामगार जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. तेव्हा सोलापुरातही ‘जुनी मिल’ सुरू होऊन सात वर्षं झाली होती.

कारखान्याचा कायदा कुणाला लागू, हे ठरवणारा आकडा मोठा बोलका आहे. १८८१ च्या पहिल्या कायद्यात तो १०० कामगार होता. १८९१ मध्ये ५० झाला, १९२२ मध्ये २०, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यात, वीज वापरत असाल तर, १०. म्हणजे सदुसष्ट वर्षं कायदा लहानांत लहान कारखान्याच्या दाराकडे सरकत आला. २०२० च्या व्यवसायसुरक्षा संहितेने हा आकडा पुन्हा २० केला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. संहितेत चांगलं काही नाही असं नाही. नेमणुकीचं पत्र सक्तीचं झालं, वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणीची तरतूद आली. पण पंधरा जुकी मांडलेल्या शेडला कारखाना म्हणण्याच्या बाबतीत आपण १९२२ च्या आकड्यावर परतलो. आणि घरात एकटी शिवणारी बाई तर यातल्या कुठल्याच वर्षी या आकड्यांत नव्हती. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

नुकसानभरपाईचंही तसंच. १९२३ च्या भरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं, त्यात शरीराच्या प्रत्येक भागाचा हिशेब होता. तर्जनी पूर्ण गेली तर कमावण्याची क्षमता १४ टक्के गेली असं धरायचं; दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९; हाड शाबूत राहून नुसतं टोक गेलं तर ५. कापड धरून सुईकडे नेणारं बोट हेच. शिंप्याच्या तर्जनीची किंमत कारकुनाच्या तर्जनीइतकीच कशी, असा प्रश्न पडतो. पण निदान किंमत तरी आहे. ती नोकरीत असलेल्यांना. घरी शिवणारीला तेवढंही नाही. तिच्या हातात उरतो तो वर्षाला वीस रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा. अपघाती मृत्यूला दोन लाख. एक डोळा, किंवा एक हात वा एक पाय कायमचा निकामी झाला तर एक लाख. बोट त्यात येत नाही. तरीही तो विमा काढावा, कारण वीजही लागते आणि आगही लागते. क्लासच्या शेवटच्या दिवशी प्रमाणपत्राबरोबर बाईंनी मुलींना बँकेत नेऊन तो फॉर्म भरून घेतला तर एका दुपारचं काम आहे.

सरकार शिवणकाम घरोघरी पोचवण्यात मागे नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे: पाच ते सात दिवसांचं मूळ प्रशिक्षण, रोज पाचशे रुपये भत्ता, साधनांसाठी १५ हजार. राज्याने २०२४-२५ मध्ये शाळांचे गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायकांकडून शिवून घ्यायचं ठरवलं. मापांचे आणि उशिराचे इतके घोळ झाले की पुढच्या वर्षापासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. त्या गोंधळाच्या बातम्या झाल्या त्या मुलांच्या आखूड बाह्यांच्या. महिन्याभरात हजारो नग पुरे करायला घराघरांत किती रात्री मशीनं चालली, याची बातमी झाली नाही. आणखी एक योगायोग पाहा: राष्ट्रीय सुरक्षा दिन ४ मार्चला असतो, सुरक्षा सप्ताह १० मार्चपर्यंत चालतो, आणि महिला दिन त्यातच, ८ मार्चला. तालुक्यातल्या साखर कारखान्यांसारख्या मोठ्या उद्योगांत सुरक्षेची शपथ घेण्याचे हेच दिवस. त्याच आठवड्यात कुठे ना कुठे महिला दिनाच्या मांडवात शिलाई मशीनं वाटली जातात. दोन्ही कार्यक्रम एकत्र आणायला नवा शासननिर्णय लागत नाही. मशीनबरोबर फिंगर गार्ड, पट्ट्याचं झाकण आणि ट्रिपर दिला आणि वायरमनची एक फेरी दिली, तर तो सत्कारापेक्षा जास्त टिकेल.

हळूहळू होणाऱ्या इजा मात्र कुणाच्या नजरेत येत नाहीत. पाठीला टेका नसलेलं स्टूल, मान पुढे, नजर टाक्यावर, असे आठ तास. चाळिशीत मान आखडते, खांदा उचलत नाही आणि ते वयावर टाकलं जातं. मशीनचा पाट कोपराच्या उंचीला यावा, खुर्चीला पाठ असावी, उजेड डावीकडून किंवा थेट सुईवर पडावा, अर्ध्या-पाऊण तासाने उठून लांबचं काहीतरी बघावं. आरी वर्कवाल्यांनी तर नक्कीच. कारखान्यात जाणाऱ्या मुलींना आणखी एक सांगायला हवं: स्वच्छतागृहाला जावं लागू नये म्हणून पाणी न पिणं हा मोठेपणा नाही, तो लघवीच्या आजारांचा रस्ता आहे. आणि सुरक्षेत माणसांपासूनची सुरक्षाही येते. कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. हे वाक्य ब्लाउजच्या मापांच्या वहीत पहिल्या पानावर लिहून द्यावं. मापं विसरली तर पुन्हा घेता येतात.

शिकवायचं कसं, याची कृती फार अवघड नाही. कोर्स सुरू झाल्यावर पंधराव्या दिवशी, मशीनची भीती मोडल्यावर आणि बेफिकिरी सुरू होण्याआधी, प्रत्येकीला आपल्या घराचा नकाशा काढायला सांगावा: मशीन कुठे ठेवणार, सॉकेट कुठे, गॅसची टाकी कुठे, पाळणा कुठे, गठ्ठे कुठे, दार कुठे. मग ते नकाशे एकमेकींनी तपासावेत. बाईंनी तपासले तर मुली माना डोलावतात. मैत्रिणीने ‘अगं, आग लागली तर तू निघणार कुठून?’ असं विचारलं की दुसऱ्या दिवशी नकाशा बदलून येतो. रांगतं मूल असेल त्या घरी टाचण्यांसाठी लोहचुंबकाची वाटी आणि पायदानापुढे आडवी फळी. परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न राहू दे, पण ब्लाउजला गुण देताना मशीन बंद करून सुई बदलली का, याचेही दोन गुण ठेवावेत. ज्याला गुण असतात ते आपल्याकडे शिकलं जातं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही बाईंना शिकवता येणार नाही, कारण ती विद्यार्थिनींच्या हातात नाही. ती गिऱ्हाइकाच्या हातात आहे. घरी शिवणाऱ्या बाईचं काम सणावारांना आणि लग्नसराईला एकदम अंगावर येतं. दिवसा घरचं, रात्री गिऱ्हाइकांचं. डोळे मिटत असताना, भारनियमनातून वीज आली की पटकन मशीन चालवून, गार्ड वर करून तिला हे पुरं करायचं असतं, कारण आपण साडी नेऊन दिलेली असते आणि वर म्हटलेलं असतं, ‘ताई, उद्या संध्याकाळपर्यंत हवंय हां.’ अपघात मशीनजवळ होतो, पण त्यातली घाई आपण पाठवलेली असते.

दिवाळीचे ब्लाउज शिवून संपतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नाच्या तिथी सुरू होतात. या वेळी साडी आठ-दहा दिवस आधी नेऊन द्या, शिलाई ठरल्यापेक्षा कमी करून मागू नका, आणि नेताना एकदा मशीनच्या पट्ट्यावर झाकण आहे का ते पाहा. नसेल तर ताईंना सांगा.